प्लास्टर कालवण्याआधी : पहिल्यांदा ओतकाम करणाऱ्यांसाठी

माझं पहिलं प्लास्टर साच्यात गेलंच नाही, घमेल्यातच बसलं. साचा तयार होता, पाणी तयार होतं, उत्साह तर उतू जात होता. घमेल्यात दीड-दोन किलो पावडर घेतली, वरून तांब्याने पाणी ओतलं आणि कणीक तिंबावी तशी गुठळ्या फोडत बसले. तेवढ्यात फोन वाजला. दोन-चार मिनिटं बोलून परत आले तर कालथा घमेल्यात सरळ उभा, सोडला तरी पडेना. शेवटी घमेलं उलटं करून हातोडीने ठोकून तो दगड काढला. त्यात घमेल्याचा काठही चेपला.

हे झालं पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात. दोन उन्हाळे मी तिथे शाडूकाम शिकायला जात होते. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या पोरांना प्लास्टर कालवणं चहा टाकण्याइतकं सरावाचं असतं. त्यामुळे ते कुणी शिकवत नाही. ‘बघा ना ताई, असं,’ एवढंच. बघून मला काही कळलं नाही. पुढे जे जमलं ते चुकत चुकत, आणि एकदा बोट भाजून घेऊन.

तुम्ही आजवर प्लास्टरला हात लावलेला नाही आणि घरच्या गॅलरीत शाडूच्या साच्यातून एक छोटी फरशी ओतायची आहे, असं धरून लिहिते आहे. पीस मोल्ड (तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला साचा), रबराचा साचा, पुतळा हे सगळं नंतरचं. फरशी नीट जमली तर त्या कामांतला कालवण्याचा भाग जमलाच म्हणून समजा.

१. आधी हे डोक्यात बसू द्या : प्लास्टर वाळत नाही, दगड होतं

जिप्सम हा मऊ दगड. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातून येतो, बिकानेर-नागौर भागातून. तो दळून दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की त्याच्या आत बांधलेलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं. उरते ती पांढरी पावडर म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, नाव तिथून आलं.

या पावडरीला पाणी मिळालं की ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा दगड होते. सुयांसारखे बारीक स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात, आणि सगळं घट्ट होतं. यात हवेचा काही संबंध नाही. बादलीच्या तळाशी, पाण्याखालीसुद्धा प्लास्टर बसतं. मोरीच्या पाइपात तर हमखास बसतं.

दगड भाजताना जी उष्णता खर्च झाली, तिच्यातली बरीचशी पाणी घेताना बाहेर पडते. वाटीभर प्लास्टर नुसतं कोमट लागतं. तेच पाच किलो एका बादलीत असेल तर आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते आणि मधला भाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो. कढत चहाच्या कपात बोट बुडवून ठेवण्यासारखंच ते. फरक इतकाच की चहातून बोट बाहेर काढता येतं.

२. माणसाचा हात प्लास्टरमध्ये बुडवायचा नाही

साच्याच्या आधी हेच सांगते, कारण बहुतेकांना प्लास्टर आठवतं ते ‘बाळाच्या हाताचा ठसा घेऊया’ म्हणून.

२००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीने कलेच्या तासाला स्वतःच्या हातांचा साचा करण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत बुडवले. प्लास्टर बसलं, तापलं, हात निघेनात. गंभीर भाजल्यामुळे तिची दोन बोटं वगळता बाकीची सगळी बोटं काढावी लागली. प्लास्टर तेच, आपण दुकानातून आणतो ते. त्यात वेगळं विष वगैरे काही नव्हतं.

घात होतो तो असा. पहिली काही मिनिटं गार आणि छान वाटतं. मग ते घट्ट होतं आणि बोटांच्या पेरांमागे, मनगटाच्या बारीक भागात अडकून बसतं. उष्णता वाढू लागते ती त्यानंतर. म्हणजे चटका बसायला लागतो तेव्हा हात आधीच कोंडलेला असतो. त्यात भाजलेली बोटं सुजतात आणि आणखी घट्ट बसतात.

मग हाडाचे डॉक्टर कसं काय घालतात? ते आधी कापसाचा थर देतात, वर प्लास्टरच्या पट्ट्यांचे पातळ थर गुंडाळतात, आणि हवा लागू देतात. तिथेही थर फार जाड झाले किंवा पाणी गरम वापरलं तर रुग्णाला भाजू शकतं.

हाताचा ठसा हवाच असेल तर अल्जिनेट वापरा. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते, समुद्री शेवाळापासून केलेलं. ते गारच राहतं, काही मिनिटांत रबरासारखं होतं आणि हात सहज निघतो. नंतर त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, तेही लगेच, कारण अल्जिनेट सुकलं की आक्रसतं.

माझं भाजलेलं बोट याच प्रकारातलं. ओतून झाल्यावर बादलीत उरलेला घट्ट होत आलेला माल खरवडायला मी हात घातला. बोटात अंगठी होती. तिच्याभोवती प्लास्टर बसलं, धातू तापला, बोट सुजलं. साबण लावून अंगठी काढेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांचा खेळ, पण बोट आठवडाभर लाल होतं. तेव्हापासून प्लास्टरच्या दिवशी अंगठी, बांगड्या, घड्याळ सगळं घरात.

३. सामान

प्लास्टर : हार्डवेअरच्या दुकानात ‘पीओपी’ मागितलं की फॉल्स सीलिंगचं मिळतं. शिकायला चालेल, पण ते भरभर बसतं. मूर्तीचं साहित्य विकणाऱ्यांकडे ‘मोल्डिंगचं’ किंवा ‘मूर्तीचं’ म्हणून मागा, ते बारीक आणि जरा सबुरीचं असतं. डेंटल स्टोन नावाचा प्रकार फार कडक होतो, पण महाग पडतो आणि त्याला पाणीही वेगळं लागतं, शंभर ग्रॅमला जेमतेम तीस मिली. खालची मापं त्याला लावू नका.

शाडू माती, दोन-तीन किलो.

वजनकाटा, स्वयंपाकघरातला डिजिटल असला तरी पुरे.

कालवायला लवचीक भांडं. माझ्याकडे रबरी चेंडू अर्धा कापून केलेली वाटी आहे. उरलेलं प्लास्टर सुकलं की वाटी दाबायची, कवचासारखं तडकून निघतं. मोठ्या मालाला मऊ प्लास्टिकचा टब. स्टीलचं पातेलं नको, आणि जेवणाचं कुठलंच भांडं नको.

कालथा किंवा लाकडी पट्टी, पिठाची चाळणी (ती पुन्हा पिठाला वापरायची नाही), मऊ ब्रश, पाण्याच्या दोन बादल्या, जुनी वर्तमानपत्रं, मूठभर नारळाचा काथ्या.

अंगावर : एन-९५ मास्क, बाजूंनी बंद असलेला चष्मा, रबरी हातमोजे, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे.

दुकानातला एक सापळा : वॉल पुट्टी, व्हाइट सिमेंट आणि प्लास्टर या तिन्ही पांढऱ्या पावडरी शेजारी शेजारी असतात आणि दुकानातला पोरगा ‘सगळं सेमच आहे’ म्हणतो. सेम नाही. पुट्टी अशी दगडासारखी बसत नाही आणि सिमेंट कातडीला खातं. गोणीवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

दुसरा सापळा म्हणजे जुना माल. प्लास्टर हवेतली ओल पीत राहतं. जून ते सप्टेंबर कोकणात उघडी गोणी म्हणजे गेलेला माल. सुटं घेत असाल तर चिमूटभर बोटांत चोळून बघा. मैद्यासारखं मऊ लागलं पाहिजे. खडे लागले तर सोडून द्या. घरी आणल्यावरही आधी चहाचा कपभर कालवून बघा. अर्ध्या तासात नखाने ओरखडा जाणार नाही इतकं घट्ट झालं तर चांगलं. भुसभुशीतच राहिलं तर ते मेलेलं आहे, कितीही ढवळलं तरी उठायचं नाही. उरलेलं प्लास्टर घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा.

४. साचा

शाडू मळून तीन सेंटिमीटर जाडीची सपाट थापी करा, साधारण २५ बाय २५ सेंटिमीटर. त्यावर पिंपळाचं पान उलटं ठेवून लाटण्याने हलकं दाबा. पानाच्या मागच्या बाजूच्या शिरा उठावाच्या असतात, त्या मातीत छान उतरतात. देठ धरून पान काढा. मातीत जे खोल गेलं ते फरशीवर वर येणार आणि अक्षरं काढलीत तर ती उलटी काढावी लागणार, हे लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा ‘श्री’ सरळ काढला होता.

आता चार बाजूंनी पट्ट्यांच्या भिंती उभ्या करा, आतली जागा २० बाय २० सेंटिमीटर ठेवून. सनमायका लावलेल्या प्लायच्या पट्ट्या उत्तम. बाहेरून प्रत्येक सांध्यावर आणि तळाशी शाडूची वळी दाबून लावा. इथे आळस करू नका. पातळ प्लास्टर सुई जाईल एवढ्या फटीतून बाहेर पडतं, आणि ते जमिनीवर पसरायला लागलं की तुम्ही एका हाताने टब आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून उभे असता.

ओल्या शाडूला काही लावावं लागत नाही, ती आपोआप सुटते. लाकडी पट्ट्यांना मात्र आतून तेलाचा हात द्या. पुढे कधी प्लास्टरच्याच साच्यात प्लास्टर ओताल तेव्हा लाखेचे दोन हात देऊन वर साबणाचं घट्ट पाणी चोळल्याशिवाय ओतू नका. नाहीतर साचा आणि मूर्ती दोन्ही मिळून एकच धोंडा होतो.

५. जागा आणि स्वतःची तयारी

पंखा बंद. प्लास्टरची बारीक धूळ घरभर पसरते आणि छातीत जाते. काही मालात सिलिकाही असतं. मास्क गोणी उघडायच्या आधी लावायचा, कारण सगळ्यात जास्त धूळ गोणी कापताना आणि चाळताना उडते. पाण्यात मिसळलं की धुळीचा प्रश्न संपतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी साधा चष्मा. लहान मुलं आणि मांजर आतल्या खोलीत.

फोन सायलेंटवर. पाणी आणि प्लास्टर एकत्र आलं की तुमच्याकडे ओतण्यासाठी पाच ते दहा मिनिटं असतात, आणि ती कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून ब्रश, काथ्या, हात धुवायची बादली, पुसायचं फडकं हे सगळं हाताच्या अंतरावर आहे का, ते एकदा डोळे फिरवून बघा. मी तर रिकाम्या वाटीने एकदा पूर्ण रंगीत तालीम करते. घरचे हसतात.

६. माप

वाटीने मोजू नका. पावडर दाबली की वाटीत जास्त बसते, सैल असली की कमी. वजनच करा.

शंभर भाग प्लास्टरला सत्तर भाग पाणी. एक किलोला सातशे मिली. यातून साधारण लिटरभर माल होतो, थोडा वरच. म्हणून हिशेब सोपा आहे : साच्याची जागा जितके मिली, तितके ग्रॅम प्लास्टर. आपली फरशी २० × २० × २ सेंटिमीटर, म्हणजे ८०० मिली. ८०० ग्रॅम प्लास्टर, ५६० मिली पाणी.

खरं तर प्लास्टरला दगड व्हायला शंभराला एकोणीस भागसुद्धा पाणी लागत नाही. बाकीचं आपण ते ओतता यावं म्हणून घालतो, आणि तेच नंतर उडून जाऊन मागे बारीक भोकं ठेवतं. जितकं पाणी जास्त तितकी फरशी ठिसूळ. ‘थोडं पातळ असलं तर शिरा छान येतील’ म्हणून शंभराला शंभर घेतलं, तर पुढे नखाने टवके निघतात.

पाणी कुठलं? साधं, गार. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला अंगावर घेण्याइतकं कोमट येतं, आणि नेमक्या त्या ऊबेत प्लास्टर सगळ्यात लवकर बसतं. एप्रिलमध्ये माठातलं पाणी घ्या. बोअरचं खारं पाणीही घाई करतं. आणि आधीच्या वेळचे बसलेल्या प्लास्टरचे कण वाटीत राहिले असतील तर ते विरजणासारखं काम करतात, नवीन माल त्यांच्याभोवती झपाट्याने धरतो. म्हणून वाटी दर वेळी लख्ख हवी.

घाई करायची म्हणून मीठ किंवा उशीर करायचा म्हणून व्हिनेगर घालतात. दोन्ही चालतात आणि दोन्ही मालाची ताकद कमी करतात. पहिल्या पाच-सहा वेळा नकोच.

७. पाण्यात प्लास्टर

आधी पाणी. त्यावर प्लास्टर. उलटं कधीच नाही. उलटं केलं की पावडरीचे गोळे बाहेरून ओले होतात, आतून कोरडे राहतात, आणि ते फोडेपर्यंत वेळ संपते. माझं घमेलं आठवा.

चाळणीने प्लास्टर पाण्यावर पसरत जा, एका जागी ढीग न करता, भातावर तूप सोडतो तसं फिरवत. सुरुवातीला ते लगेच बुडतं. मग हळूहळू पाण्याच्या पातळीला येतं आणि मध्ये कोरडं बेट दिसू लागतं, वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारखं. वजन करून घेतलेलं प्लास्टर साधारण इथेच संपतं. हा सगळा कार्यक्रम दोन मिनिटांत व्हावा.

आता हात बांधून उभं राहायचं. मिनिटभर, दीड मिनिट. मला ही गोष्ट सगळ्यात उशिरा कळली. कारखान्यातले काका एकदा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘पीठ मळताय का ताई? हलवू नका. पिऊ द्या त्याला पाणी.’ बघितलं तर खरंच, बेटाच्या कडा काळपट होत होत्या, ओल वर चढत होती, मधूनच एखादा बुडबुडा फुटत होता. पाणी आत शिरतं तशी हवा बाहेर पडते. हवा आपणहून निघाली तर ती फरशीवर भोकं म्हणून दिसत नाही.

८. कालवणं

कालथा तळाशी ठेवा आणि तळाशीच फिरवा. पृष्ठभाग फोडायचा नाही, फेटायचं तर अजिबात नाही. हे अंडं नव्हे. दोन मिनिटं संथ. ड्रिलला पाती लावून कालवणारे व्हिडिओ बघितले असतील, पण पाऊण किलोच्या मालाला ते नको. जितकं जोरात आणि जितका वेळ कालवाल तितकं ते लवकर बसतं.

कारखान्यातली पोरं उघड्या हाताने कालवतात हे खरं आहे. ती हात तीस सेकंदांत बाहेर काढतात, लगेच धुतात आणि माल कधी घट्ट होऊ लागणार हे त्यांच्या बोटांना कळतं. तरी सीझनच्या शेवटी त्यांच्या तळहातांना भेगा असतात आणि संध्याकाळी खोबरेल चोळत बसतात. तुम्ही हातमोजे घाला.

घट्टपणा मी स्वयंपाकघराच्या मापात सांगते. ताकाइतकं पातळ असेल तर अजून थांबा, आता ओतलं तर पाणी वर आणि माल खाली बसतो. बासुंदीइतकं झालं, कालथ्याची रेघ क्षणभर दिसून मिटू लागली, की ओता. श्रीखंडाइतकं झालं तर साच्यात ओतायला उशीर झाला, मात्र तारेच्या सांगाड्यावर थापून आकार करणाऱ्यांना हेच हवं असतं. त्याच्या पुढे गेलं की टाकून द्या.

आणि टाकूनच द्या. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो ‘जिवंत’ करायचा मोह प्रत्येकाला होतो. पाण्याने तो पातळ दिसतो, पण स्फटिकांची गुंफण मोडलेली असते. असं प्लास्टर बसल्यासारखं वाटतं आणि साचा उघडताना हातात चुरा येतो.

९. ओतणं

आधी थोडासा माल मऊ ब्रशने पानाच्या नक्षीवर हलकेच पसरवा, शिरांच्या खाचांत शिरेल असा. नुसतं वरून ओतलं तर नेमक्या बारीक जागी हवा अडकते. मग एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता आणि मालाला आपोआप पसरू द्या. अर्धं भरलं की टेबलाला बाजूने हळू ठोका. बुडबुडे वर येतील, ते फुंकरीने फुटतात.

मग काथ्याचे पातळ धागे पिंजून मालात दाबा आणि उरलेलं ओता. भाजीची जुडी टाकल्यासारखा गोळा टाकू नका, धागे सुटे हवेत. टांगायची फरशी असेल तर मागून तारेचा फास बसवा, पण तार जस्त चढवलेली घ्या. साध्या लोखंडाचा गंज वर्षभराने पांढऱ्या पृष्ठभागावर तांबूस डाग होऊन येतो. माझ्या बहिणीच्या घरी भिंतीवर असा एक डाग आहे.

वाटीतला उरलेला माल वर्तमानपत्रावर ओता. वाटी पहिल्या बादलीत, हात दुसऱ्या बादलीत.

१०. वाट बघणं

पहिल्यांदा मालाची चकाकी जाते. मग नखाची खूण उठेनाशी होते. मग वरून हात ठेवला तर ऊब लागते. ही ऊब वाढत जाते आणि बसणं पूर्ण होईपर्यंत टिकते. ऊब वाढत असताना साचा उघडायचा नाही. ती उतरून फरशी गार लागायला लागली की पट्ट्या काढा. आपल्या फरशीला पाऊण ते एक तास धरा.

बसताना प्लास्टर किंचित फुगतं. म्हणून तर शिरांचे बारकावे इतके स्वच्छ येतात, आणि म्हणूनच पट्ट्या घट्ट बसतात. ओढू नका, सांध्यावरची शाडू काढून बाजूला सरकवा. मग फरशी उलटी करून शाडू सोलून काढा. खाचांत राहिलेली माती ओल्या ब्रशने निघते. टोकदार काहीही लावू नका, ओलं प्लास्टर फार मऊ असतं.

११. सुकवणं आणि घासणं

आत्ता फरशी काट्यावर ठेवली तर १३०० ग्रॅमच्या आसपास भरेल. पूर्ण सुकल्यावर ती ९५० ग्रॅमच्या आसपास येणार, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे मिली पाणी तिच्यातून उडायचं आहे. हात लावून ‘सुकलीय’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रोज संध्याकाळी वजन करा, ते उतरायचं थांबलं की सुकली. पुण्यात मार्चमध्ये आठवड्यात होतं, मुंबईत जुलैमध्ये मी तीन आठवडे थांबले आहे. ओल्या फरशीवर ऑइलपेंट लावलात तर तो फोड येऊन सुटतो.

दोन पट्ट्यांवर उभी ठेवा, वारा सगळीकडून लागेल अशी. ओव्हनमध्ये किंवा गॅसशेजारी नको. पन्नास अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर बांधलेलं पाणीही सुटायला लागतं आणि पृष्ठभागाचा पुन्हा भुगा होतो.

घासायचं तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. कोरडं घासाल तर मास्क पुन्हा चढवा. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

१२. उरलेल्या मालाचं काय

बेसिनमध्ये नाही, मोरीत नाही, कमोडमध्ये तर नाहीच. मी एकदा ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून वाटी नळाखाली विसळली. दोन महिन्यांनी प्लंबरने बेसिनखालचा पाइप कापून मला दाखवला. आत बोटभर जागा राहिली होती, बाकी सगळा पांढरा दगड.

बादल्यांमधलं पाणी रात्रभर तसंच ठेवा. गाळ खाली बसतो. वरचं स्वच्छ पाणी ओतून द्या, गाळ वर्तमानपत्रावर काढून सुकवा आणि सुक्या कचऱ्यात टाका. ओल्या कचऱ्यात नको. हवा नसलेल्या कुजणाऱ्या ढिगात जिप्समपासून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू तयार होतो.

नदीत, विहिरीत, तळ्यात टाकायचा तर प्रश्नच नाही. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून तर विसर्जनानंतर प्लास्टरच्या मूर्ती महिनोन्महिने तशाच पडून राहतात, आणि २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत त्यांना मनाई आली. त्यावरून कोर्टात काय काय झालं ते पेणमध्ये कुणालाही विचारा, तासभर जाईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घरच्या प्लास्टरच्या मूर्ती विरघळवायची पद्धत काढली आहे, पण अमोनियाचा वास घरात सोसवत नाही. ते गच्चीवरचं काम. विसर्जन करायची मूर्ती असेल तर शाडूचीच करा आणि प्लास्टर भिंतीवर राहणाऱ्या कामासाठी ठेवा.

१३. काही बिघडलं तर

डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं, मग डॉक्टर. पावडर डोळ्यातल्या पाण्यानेही बसू लागते, हे विसरू नका.

चटका बसला तर अंगठी-बांगडी आधी काढा आणि वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

बोट किंवा हात अडकलाच तर हातोडी घेऊ नका. घट्ट होत असेल तोवर पाण्यात बुडवून जोर लावून काढा, नाहीच निघाला तर तडक दवाखाना. हाडाच्या डॉक्टरांकडे प्लास्टर कापायची करवत असते, कातडीला न लागता कापणारी.

फरशी सुकली की तिच्या पाठीवर पेन्सिलीने वजनं आणि वेळ लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच दुकानातलं प्लास्टर वेगळं वागलं तर निदान काय बदललं ते शोधता येतं. माझ्या पहिल्या धड फरशीमागे लिहिलंय : ‘८००/५६०, माठाचं पाणी, चौदा मिनिटांत चकाकी गेली. फोन आतल्या खोलीत.’